पिंजऱ्यांतील नटाची कुळकथा

नट म्हटला कीं मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम रंगभूमि उभी राहते. येथें ज्या नटाचा इतिहास सांगावयाचा आहे, त्याचा रंगभूमीशीं कांहीं संबंध नाहीं. तो बोल्टाच्या जोडीचा नट आहे. बोटाच्या पेराएवढा, पोलादी, आणि जन्मभर एका लहानशा पिंजऱ्यांत कोंडलेला. तरीपण आज मुंबई-पुण्याच्या घरांतून जें पत्र क्षणार्धांत परदेशीं पोंचतें, बँकेचा जो हिशेब घरबसल्या पाहतां येतो, आगगाडीचें जें तिकीट रांगेंत उभें न राहतां मिळतें, तीं कामें करणारीं यंत्रें पुष्कळदां अशाच नटांच्या आधारानें आपापल्या जागीं उभीं असतात. आणि आतां याच नटाला रजा देण्याची खटपट चालू आहे. ती कां चालू आहे, हें समजून घ्यावयाचें तर सव्वादोनशें वर्षें मागें जावें लागतें.

नवी मुंबईंत ऐरोली-महापे भागांत माहितीचीं जीं प्रचंड कोठारें उभीं राहिलीं आहेत, त्यांतील एखाद्या दालनांत पाऊल टाकलें तर दोहों बाजूंस सारख्या उंचीच्या लोखंडी कपाटांच्या रांगा दिसतात. या कपाटांना रॅक म्हणतात. स्वयंपाकघरांतील भांड्यांच्या मांडणीचें हें भावंडच म्हणावयाचें. मांडणीला फळ्या असतात; रॅकला फळ्यांऐवजीं चार उभे खांब असतात, व सर्व्हर नांवाचीं चपटीं गणकयंत्रें त्या खांबांना एकावर एक अशीं जखडलेलीं असतात. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, उंची पावणेदोन इंचांच्या पटींत. पावणेदोन इंचांच्या या मापास एक ‘यू’ म्हणतात. नेहमींचा रॅक ४२ यू उंचीचा असतो, म्हणजे यंत्रांसाठीं त्यांत सहा फूट दीड इंच एवढी जागा मिळते. दर यूमागें खांबाला तीन भोंकें. एका खांबाला १२६ आणि चार खांबांना मिळून ५०४.

हीं भोंकें बहुधा चौकोनी असून त्यांची प्रत्येक बाजू सुमारें साडेनऊ मिलिमीटर असते. त्यांना आटे नसतात. यंत्र जेथें बसवावयाचें तेथील भोंकांत आधीं नट बसवावा लागतो. हा नट लवचिक पोलादी पत्र्याच्या पिंजऱ्यांत सैलसर बसविलेला असतो, व पिंजऱ्याला दोन पंख असतात. पंख दाबून नट भोंकांत सारला कीं ते पलीकडे उघडतात आणि नट अडकून राहतो. मग पुढून स्क्रू पिळावयाचा. वर्णन ऐकतांना काम सोपें वाटतें. परंतु पत्र्याच्या त्या पंखांना धार असते; अंगठा सोलवटतो, नखाखालीं जखम होते; निसटलेला नट खालच्या चालू यंत्रांत पडला तर त्याचा शोध घेतां घेतां घाम फुटतो. एकाच दालनांत असे हजारों नट बसवावयाचे असले म्हणजे या कामाचा कंटाळा कां येतो, हें निराळें सांगावयास नको.

येथें कोणीही विचारील कीं, खांबालाच आटे पाडून टाकले तर नटाची गरज ती काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर आट्यांच्या इतिहासांत आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडांत मळसूत्र ही प्रत्येक कारागिराची खाजगी बाब होती. कारागीर आपल्या हातानें बोल्टाला आटे पाडी आणि त्याच बोल्टाशीं जुळेल असा नट करी. त्या नटाचा दुसऱ्या बोल्टाशीं मेळ बसेलच असा भरंवसा नसे. म्हणून यंत्र उकलतांना कोणता नट कोणत्या बोल्टाचा याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. खूण चुकली कीं सारा दिवस वायां जाई. हेन्री मॉड्स्ले या लंडनच्या कारागिरानें इ. स. १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचें लेथयंत्र इतकें बिनचूक केलें कीं, एकाच मापाचे हवे तेवढे आटे पुनःपुन्हां पाडतां येऊं लागले. अशा रीतीनें निदान एका कारखान्याच्या चार भिंतींच्या आंत तरी नट आणि बोल्ट यांचा मेळ बसला.

भिंतींच्या बाहेर मात्र अंदाधुंदी तशीच होती. ती मोडण्याचें काम मॉड्स्लेच्याच कारखान्यांत शिकून तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें हातीं घेतलें. व्हिटवर्थचा जन्म १८०३ सालीं स्टॉकपोर्ट येथें झाला, आणि १८३३ पासून मँचेस्टरला त्याचा स्वतःचा कारखाना चालू होता. त्यानें इंग्लंडांतील निरनिराळ्या कारखान्यांतून स्क्रू गोळा केले, त्यांचे आटे मोजले, आणि १८४१ सालीं स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचला. आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा, व बोल्टाच्या प्रत्येक जाडीला दर इंचीं किती आटे हें एकदां कायमचें ठरवून टाकावें, ही त्याची सूचना होती.

हे आंकडे त्यानें कसे ठरविले, हें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. सर्वोत्तम आटा कोणता, या वादांत तो शिरला नाहीं. लोक प्रत्यक्षांत जे आटे वापरीत होते त्यांची त्यानें सरासरी काढली. त्यामुळें कोणालाच आपलें सर्वस्व सोडावें लागलें नाहीं, आणि थोडेंथोडें मात्र सर्वांनाच सोडावें लागलें. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांनीं व कारखान्यांनीं हें प्रमाण उचललें. क्रिमियन युद्धांत, १८५४ ते १८५६ या काळांत, आरमारास थोड्या अवधींत पुष्कळ तोफनौका हव्या होत्या. तेव्हां जॉन पेन या यंत्रकारानें इंजिनांचे नमुने निरनिराळ्या कारखान्यांकडे वांटून दिले. सर्वांनीं व्हिटवर्थच्या मापानें भाग केले आणि ते एकत्र जुळविले असतां नीट बसले. एका कारखान्यानें केलेला भाग दुसऱ्याच्या यंत्रांत चालतो, ही गोष्ट त्या काळीं नवलाची होती.

पण एकी झाली ती एका देशापुरती. १८६४ च्या एप्रिल महिन्यांत फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्यें विल्यम सेलर्स या अमेरिकन यंत्रकारानें आपली निराळी पद्धति मांडली. व्हिटवर्थच्या आट्यांचा माथा आणि तळ गोलाकार होता. तो साधण्यास अधिक हत्यारें व अधिक कसबी हात लागत. सेलर्सनें कोन ६० अंशांचा घेतला आणि माथा सपाट केला, त्यामुळें साधारण कारागीरही तो आटा पाडूं शके. १८६८ सालीं अमेरिकेच्या आरमारानें ही पद्धति स्वीकारली. गंमत अशी कीं, पाव इंच जाडीच्या बोल्टाला दोन्ही पद्धतींत दर इंचीं २० आटे, पाऊण सुताचाही फरक नाहीं. अर्ध्या इंचाला मात्र इंग्रजी १२ तर अमेरिकन १३. कोन भिन्न, म्हणून जेथें आटे सारखे भासत तेथेंही मेळ बरोबर बसत नसे. इकडे युरोप खंडांतील देशांनीं १८९८ सालीं झुरिक येथें परिषद भरवून मीटर पद्धतीचे आटे ठरविले. एकाचे तीन झाले. प्रत्येकाजवळ आपापलें सबळ कारण होतें, आणि तेंच खरें दुखणें होतें.

अशा बेबनावाची किंमत केवळ कारखानदार देतात असें नाहीं. ७ फेब्रुवारी १९०४ या दिवशीं, रविवारीं सकाळीं, अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत आग लागली. तारा गेल्या, आणि वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून आगीचे बंब रेल्वेनें धांवून आले. माणसें होतीं, बंब होते, रस्त्याखालीं पाणीही होतें. पण पाहुण्यांच्या नळ्यांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटांशीं जुळेनात. जोडावर कापड गुंडाळून पाणी घेण्याचा प्रयत्न झाला, परंतु तें जागच्या जागीं उडून जाई. आग तीस तासांच्या वर चालली, आणि पंधराशेंहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. पुढें चौकशी केली तेव्हां देशांत नळ्यांच्या जोडांचे सहाशेंहून अधिक प्रकार सांपडले. १९०५ सालीं अडीच इंची जोडाला दर इंचीं साडेसात आटे असें राष्ट्रीय प्रमाण ठरलें. एरवीं जें माप कोणाच्या खिजगणतींतही नसतें, तें चुकलें तर शहर जळतें, हा धडा बाल्टिमोरनें फार महाग विकत घेतला.

तरीही इंग्लंड आणि अमेरिका यांचे आटे भिन्नच राहिले. दुसऱ्या महायुद्धांत रोल्स-रॉइस कंपनीचें ‘मर्लिन’ हें विमानाचें इंजिन अमेरिकेंत डेट्रॉइट येथें पॅकार्ड कंपनीनें करावयास घेतलें. इंजिनाचे भाग दोन्ही देशांत परस्परांना लागू पडावे म्हणून आटे इंग्रजीच ठेवणें भाग होतें. आणि तसे आटे पाडण्याचीं हत्यारें तेथें मिळत ना, म्हणून पॅकार्डला तींही स्वतःच तयार करावीं लागलीं. मित्रराष्ट्रें एका झेंड्याखालीं लढत होतीं, पण त्यांचे स्क्रू एका नटांत बसत नव्हते. १९४३ पासून न्यूयॉर्क, लंडन, ओटावा अशा बैठका होत गेल्या, आणि १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं वॉशिंग्टन येथें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं एकसूत्री आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन अमेरिकन, म्हणजे ६० अंशांचा घेतला. तळाच्या गोलाईस मात्र इंग्रजांच्या पद्धतीची जाण ठेविली. १९४७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक संघटना स्थापन झाली तेव्हां तिच्या पहिल्या क्रमांकाच्या समितीकडे जो विषय सोंपविला तो स्क्रूच्या आट्यांचाच, यावरून या दुखण्याचें जुनेपण ध्यानांत यावें.

आतां रॅककडे वळावयाचें. त्याचा जन्म गणकयंत्रासाठीं झाला नाहीं. तो टेलिफोनच्या घरांत झाला. दूर अंतरावर बोलणें पाठवावयाचें तर वाटेंत आवाज क्षीण होतो, आणि तो ठिकठिकाणीं पुन्हां बळकट करावा लागतो. निर्वात नळ्यांचीं अशीं आवाज वाढविणारीं यंत्रें लावूनच १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हें संभाषण सुरू झालें. आरंभींचीं हीं यंत्रें फळ्यांवर, लांकडी पेट्यांत, जशी जागा मिळेल तशीं बसविलेलीं असत. लांब पल्ल्याच्या केबली वाढल्या तशी एकेका ठाण्यांत शेंकडों यंत्रें बसविण्याची पाळी आली, आणि हा पसारा अशक्य होऊन बसला. तेव्हां १९२२ च्या सुमारास अमेरिकन टेलिफोन कंपनीनें १९ इंच रुंदीच्या पट्ट्या आणि पावणेदोन इंचांच्या पटींतील उंची हें प्रमाण घालून दिलें. खांबाला भोंकें आळीपाळीनें सव्वा इंच आणि अर्धा इंच अशा अंतरावर. दोहोंची बेरीज पावणेदोन. भोंकांना आटे पाडलेले असत, ते बारा नंबरी स्क्रूचे, दर इंचीं २४.

टेलिफोनच्या मागून रेडिओ आला, प्रयोगशाळांचीं मोजमापाचीं यंत्रें आलीं, शेवटीं गणकयंत्रें आलीं. आणि प्रत्येकानें आयतें मिळालेलें हेंच बिऱ्हाड पत्करलें. सव्वा इंचाच्या मध्यावर आणखी एक भोंक पडलें, आणि पांच अष्टमांश, पांच अष्टमांश, अर्धा अशी आजची भोंकांची लय तयार झाली. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघानें ३१० क्रमांकाच्या मानकांत आणि आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगानें ६०२९७ क्रमांकाच्या मानकांत तेंच माप नोंदविलें. निर्वात नळ्या गेल्या, टेलिफोनच्या तबकड्या गेल्या, पण १९ इंच कायम राहिले.

माप टिकलें, पण आट्यांचें भांडण रॅकमध्येंही शिरलें. कोणाचें यंत्र बारा नंबरी स्क्रूचें, कोणाचें दहा नंबरी, दर इंचीं ३२ आट्यांचें. युरोपांतील यंत्रें सहा किंवा पांच मिलिमीटरच्या स्क्रूचीं. यांतील कांहीं जोड्या तर मोठ्या फसव्या. दहा नंबरी स्क्रूची जाडी ४.८३ मिलिमीटर आणि दोन आट्यांतील अंतर ०.७९४ मिलिमीटर, पांच मिलिमीटरच्या स्क्रूचें हेंच अंतर ०.८ मिलिमीटर. फरक सहा सहस्रांश मिलिमीटरचा! एक स्क्रू दुसऱ्याच्या नटांत खुशाल शिरतो, घट्ट बसल्याचा भास होतो, आणि वजन पडलें कीं पकड सैल असल्याचें उघडकीस येतें. अथवा स्क्रू मध्येंच अडतो, आणि जोर केला कीं आटे जातात. खांबालाच पाडलेला आटा असा गेला तर तें एक भोंक कायमचें निकामी होतें, आणि तेवढ्यासाठीं यंत्रांनीं भरलेला खांब कोणी बदलीत नाहीं.

चौकोनी भोंक आणि पिंजऱ्यांतील नट हें या अडचणीवर काढलेलें शहाणपणाचें उत्तर होतें. खांबानें आट्यांच्या वादांतून अंग काढून घेतलें. ज्याला जो स्क्रू हवा त्यानें त्या स्क्रूचा नट आणावा. आटे गेले तर नट फेकून द्यावा, खांबाला धक्का लागत नाहीं. शिवाय पिंजऱ्यांत नट किंचित् हलतो, म्हणून यंत्राचें भोंक केंसभर इकडेतिकडे असलें तरी स्क्रू बसतो. सोललेला अंगठा ही या सोयीची किंमत होती, आणि पुष्कळ वर्षें ती मुकाट्यानें दिली गेली.

पण चौकोनी भोंक रूढ झालें आणि त्याच्या पोटांतूनच नटाच्या निरोपाची तयारी सुरू झाली. सर्व रॅकांचीं भोंकें जर एकाच आकाराचीं आणि एकाच अंतरावर, तर स्क्रू तरी हवा कशाला? यंत्र ज्यांवर सरकतें त्या पट्ट्यांच्या टोंकांनाच चौकोनी खुंट्या आणि स्प्रिंगची कळ बसविली. खुंट्या भोंकांत शिरल्या कीं कळ आपोआप अडकते. हत्यार लागत नाहीं, नट लागत नाहीं. मोठ्या सर्व्हरांसाठीं आतां ही रीत सर्रास झाली आहे. हलक्या यंत्रांसाठीं पुढच्या बाजूनें भोंकांत बसणारे आट्यांचे खुंट निघाले. त्यांवर यंत्र आधीं टांगतां येतें आणि मग बाहेरून नट फिरवितां येतो, म्हणजे एका हातानें वजन पेलून दुसऱ्यानें स्क्रू शोधण्याची कसरत टळते. गोल भोंकांच्या खांबांसाठीं वरून सरकवावयाच्या चिमट्यासारखे नट आहेतच.

यांतही तारतम्य सुटतां कामा नये. खुंटीची पट्टी एका यंत्रासाठीं घडविलेली असते. दुसऱ्या कारखान्याचें यंत्र तिच्यावर बसेलच असें नाहीं. गोल भोंकाच्या जुन्या खांबाला चौकोनी खुंटी उपयोगी नाहीं. रॅक यंत्रांसकट एका गांवाहून दुसऱ्या गांवास न्यावयाचा असेल तर नुसत्या कळेवर विसंबून चालत नाहीं, पट्टीबरोबर दिलेले स्क्रू आवळावेच लागतात. जुनें यंत्र, लहानसें कार्यालय, निरनिराळ्या कारखान्यांचा सरमिसळ माल, अशा ठिकाणीं पिंजऱ्यांतील नट अजूनही खात्रीचा चाकर आहे. भारतांत मीटर पद्धतीचा कायदा १९५६ सालीं झाला, आणि येथें रॅकबरोबर बहुधा सहा मिलिमीटरचेच नट येतात. पण परदेशाहून आलेल्या पेटींत इंची स्क्रू निघण्याचा संभव असतो, म्हणून स्क्रूंच्या पुड्या एकत्र ओतूं नयेत हा जुन्या कामगारांचा दंडक आजही पाळण्याजोगा आहे.

१९ इंचांचें मापही कांहीं अमर नाहीं. फेसबुक कंपनीनें २०११ सालीं आपल्या माहिती-कोठारांचे आराखडे सर्वांस खुले केले, आणि त्या चळवळींतून आंतून ५३७ मिलिमीटर रुंद, म्हणजे सुमारें २१ इंची रॅक पुढें आला. त्यांत एककाची उंची पावणेदोन इंचांऐवजीं ४८ मिलिमीटर आहे, आणि यंत्रें बहुतांशीं हत्यारावांचून बसतात. तरी या सुधारकांनीं बाहेरची ६०० मिलिमीटरची रुंदी जुनीच ठेविली, कारण इमारतींतील फरशा आणि वाटा त्या मापाच्या झालेल्या होत्या. जुन्या मापाशीं भांडतांनाही त्याचा हात अगदींच सोडतां येत नाहीं, तो असा.

मॉड्स्लेच्या लेथयंत्रापासून हत्यारावांचून बसणाऱ्या पट्टीपर्यंतच्या या इतिहासांत एक सूत्र सारखें दिसतें. व्हिटवर्थ यशस्वी झाला, कारण त्यानें सर्वांना सोसेल तेवढेंच मागितलें. तीन देशांना आट्यांवर एकमत करण्यास युद्धाचा चटका बसावा लागला. आणि आट्यांवर जगाचें एकमत होत नाहीं असें दिसल्यावर रॅक करणाऱ्यांनीं फक्त भोंकावर एकमत केलें, व तेवढ्यानें काम भागलें. ज्या दिवशीं नटाची गरज उरणार नाहीं त्या दिवशींही नटासाठीं पाडलेलें तें चौकोनी भोंक बहुधा तसेंच राहील, आणि दुसरेंच कांहीं तरी त्यांत निमूटपणें बसलेलें असेल. बाल्टिमोरच्या रस्त्यावर हातांत नळी घेऊन उभ्या राहिलेल्या बंबवाल्यांना याहून अधिक कांहीं नको होतें. पुढ्यांत आलेल्या जोडाशीं आपला जोड जमावा, एवढेंच.